कंसातला रामसिंग

लॅपटॉप माझा. ट्युशन घेऊन पै पै जमवून घेतलेला. इंटरनेट माझं, वीज माझी, खुर्ची माझी, पाठदुखीसुद्धा माझीच. पुण्याच्या एजन्सीचा होता फक्त हुकूम. तरी त्यांच्या करारात माझ्या लॅपटॉपला ‘कामाचे उपकरण’ म्हणत आणि मला ‘स्वतंत्र कंत्राटदार’. यातलं स्वतंत्र काय होतं ते मला दोन वर्षांत सापडलं नाही.

काम साधं होतं. कंपन्यांच्या टोल-फ्री नंबरवर लोक फोन करतात, ते बोलणं रेकॉर्ड होतं, आणि दिग्रसमध्ये बसून मी ते ऐकून टाइप करायची. कोणाचा फ्रीज बिघडलेला, कोणाचा विमा अडकलेला. मी कोण ते कंपनीला माहीत नसे. कागदाच्या तळाशी फक्त माझा क्रमांक छापलेला असायचा, प्र-११४.

कामावर घेताना त्यांनी माझ्या लॅपटॉपमध्ये एक सॉफ्टवेअर टाकायला लावलं. सुरक्षेसाठी, म्हणाले. मी त्याचं नाव चौकीदार ठेवलं होतं. हा चौकीदार दर दहा मिनिटांनी कॅमेऱ्यातून माझा फोटो काढायचा. एकदा बाबा चहा घेऊन मागे उभे राहिले तर लगेच ताकीद आली, ‘अनधिकृत व्यक्ती आढळली’. माझ्याच घरात माझा बाप अनधिकृत! बाबा हसले. मला हसू आलं नव्हतं.

बाबा म्हणजे चंद्रशेखर, पुसदच्या कोर्टात चौतीस वर्षं स्टेनो. निवृत्त झाल्यावरही त्यांचा टाइपरायटर ओसरीवर असतो आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं अर्ज लिहून घ्यायला येतात. शॉर्टहँड त्यांनी मला नववीतच शिकवलं. त्यांचा एकच धडा होता. “अर्थाच्या मागे लागू नकोस. ऐकू येतं तसं उतरव. अर्थ मागून येतो.”

तो धडा मला या कामात उपयोगी पडला. चौकीदार कुठलंही रेकॉर्डिंग तीनदाच ऐकू द्यायचा आणि आमच्याकडची लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. म्हणून मी पहिल्या ऐकण्यातच सगळं शॉर्टहँडमध्ये उतरवून घ्यायची आणि मग वहीवरून टाइप करायची. टेबलावर कागद-पेन ठेवायलाही करारात मनाई होती. मी वही मांडीवर ठेवायची, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. वही भरली की ती माळ्यावरच्या रद्दीत जायची.

टाइप करण्याचे नियम बावीस होते. माणूस ‘मले’ म्हणाला तर ‘मला’ लिहायचं, ‘करून राह्यलो’ म्हणाला तर ‘करत आहे’. आणि नियम सात असा, की मराठी, हिंदी, इंग्रजी सोडून दुसरी कुठली बोली आली, तर कंस करून त्यात ‘अस्पष्ट’ असं लिहायचं आणि पुढे जायचं. मी पुढे जात होते. दिवसाला साठ-साठ रेकॉर्डिंग उरकत होते आणि मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं.

हे सतरा सालातलं. त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पिकावर मारलेलं औषध वाऱ्याने उलटून फवारणाऱ्याच्याच तोंडावर येत होतं. जिल्ह्यात माणसं आंधळी होत होती, मरत होती. पेपरात रोज आकडा यायचा, आणि दिवाळीनंतर तोही आतल्या पानावर गेला.

नोव्हेंबरात एका सकाळी सुखीबाई ओसरीवर आली. जवळच्या बंजारा तांड्यावरची, पन्नाशीची बाई. ती आणि तिचा नवरा रामसिंग जुने ओळखीचे. रामसिंगचा सातबारा दुरुस्त करायचा अर्ज बाबांनीच केला होता. सप्टेंबरात फवारणी करताना रामसिंगला डोळ्यांनी दिसेनासं झालं, ओकाऱ्या सुरू झाल्या. यवतमाळला नेलं, पाचव्या दिवशी तो गेला.

“बाबूजी, कागद आला,” ती म्हणाली. “पोट्टे वाचून सांगतेत, पन मले खरं वाटत नाही. तुमी वाचा.”

बाबांनी चष्मा लावला. औषधाच्या कंपनीने या मृत्यूंच्या सरकारी चौकशी समितीला पाठवलेलं उत्तर होतं, सुखीबाईला त्याची प्रत. बाबांनी ते कोर्टात वाचावं तसं सावकाश वाचलं. मयताने कंपनीच्या मदत क्रमांकावर एकोणीस सप्टेंबरला फोन केला हे खरं, परंतु त्याने दोन औषधांच्या मिश्रणाबाबत विचारणा केल्याचे आढळून येत नाही. सबब मृत्यू हा वापरकर्त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला आहे.

“निष्काळजी म्हन्जे?” सुखीबाईने विचारलं.

बाबांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. मग म्हणाले, “म्हणजे त्याने काळजी घेतली नाही. न विचारता केलं.”

“इचारलं त्यानं.” तिचा आवाज चढला नाही. “डब्ब्यावरच्या लंबरवर फोन केला. वावरातून आल्यावर मले सांगे, मी इचारलं, ते बाई हो म्हने. दोन महिने झाले, मी सांगून राह्यली सगळ्याइले. कोनी आयकत नाही. आता तर छापूनच आलं. माया नातवाइनं हे वाचाव काय, का आपला आजा बेअक्कल होता? मले दुसरं काही नाही पाहिजे बाबूजी. तो इचारून मेला, येवढं लिहा म्हना.”

गुरुवारी समितीपुढे सुनावणी होती, मध्ये दोन दिवस. बाबांनी पुरवणीचा कागद उलटला. “हे बघ, बोलण्याची नक्कलही जोडली आहे,” ते म्हणाले आणि कागद माझ्याकडे दिला.

ग्राहक: नमस्कार, मी रामसिंग बोलत आहे. कापसावर फवारणी करत आहे.
प्रतिनिधी: जी, आवाज नहीं आ रहा, फिर से बोलिए.
ग्राहक: [अस्पष्ट]
प्रतिनिधी: हाँ जी, कर सकते हैं. और कोई सहायता?
ग्राहक: नाही.

तळाशी प्र-११४.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो कंस मी केला होता. साठातला एक, नियम सातप्रमाणे, पुढे चला. हा फोन ऐकल्याचं मला आठवतसुद्धा नव्हतं. रामसिंग याच ओसरीवर बसून माझ्या हातचं पाणी पीत असे, आणि मला त्याचा आवाज ओळखू आला नव्हता.

मी आत पळाले. लॅपटॉप उघडला. एजन्सीचं सगळं काम एका कुलूपबंद फोल्डरमध्ये राहायचं. एकोणीस सप्टेंबरचं रेकॉर्डिंग अजून तिथे होतं, माझ्या लॅपटॉपवर, माझ्या घरात. टाइप करून पाठवून दिलेलं असल्यामुळे ते उघडत मात्र नव्हतं. माझा भाऊ सलील नागपूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याला फोन लावला तर म्हणाला, “ताई, नेट बंद करून लॅपटॉप घेऊन ये, मी आजच काढून देतो.” मी बॅग भरायला लागले.

बाबा दारात आडवे आले.

“असं चोरून आणलेलं कोणी मानणार नाही. ते त्यांचं रेकॉर्डिंग आहे, तू सही केलेली आहेस. रीतसर लेखी परवानगी माग. चांगला अर्ज कर. समितीचा संदर्भ दे. नाही म्हणायला त्यांना कारण लागेल.”

आमच्या घरात हे असंच. आग लागली तरी आम्ही आधी ‘महोदय’ लिहू आणि मग पाण्याला जाऊ. तीन पिढ्या कचेऱ्यांत गेल्या आहेत. कागदाला कागदाने उत्तर मिळतं यावर आमचा देवाहून जास्त विश्वास. आणि मीही त्याच घरातली. बॅग ठेवली आणि अर्ज केला. विषय, संदर्भ, कॉलचा क्रमांक, तारीख, कारण, सविनय. इतका मुद्देसूद अर्ज मी जन्मात केला नव्हता. त्यांना नक्की काय पुसायचं ते मी आकड्यांसकट लिहून दिलं.

साडेअकराला मेल पाठवली. पावणेबाराला फोन आला. मिताली, एजन्सीची समन्वयक. गोड मुलगी, दर दिवाळीला शुभेच्छा पाठवणारी.

“भैरवी मॅम, तुमची मेल मिळाली. खूपच व्यवस्थित लिहिली आहे तुम्ही. पण क्लायंटची पॉलिसी आहे ना, त्यामुळे आपण आजपासून तुमचं असाइनमेंट क्लोज करतोय.”

“असाइनमेंट गेलं चुलीत,” मी म्हणाले. “रेकॉर्डिंग देता की नाही?”

“मॅम, तुमच्याकडचा डेटा सुरक्षित करायची प्रोसेस सुरू झालीय. लॅपटॉप बंद करू नका, प्लीज.”

मी मान वळवली. पडदा निळा झाला होता. त्यावर एक पांढरी रेघ डावीकडून उजवीकडे सरकत होती. मी बटण दाबून धरलं, वायर उपटली, बॅटरी काढली. पुन्हा लावली तेव्हा लॅपटॉप दुकानातून आणल्या दिवशी होता तसा झाला होता. त्याने मला विचारलं, तुमचं नाव काय?

फक्त त्यांचं गेलं असतं तरी एक वेळ समजले असते. माझं एमएचं सगळं काम गेलं. बाबांच्या पेन्शनचे कागद, सलीलच्या लग्नाचे फोटो, सहा वर्षांच्या ट्युशनच्या नोट्स, सगळं गेलं. कुंपणानेच शेत खाल्लं. मितालीला परत फोन लावला तर ती म्हणाली, “मॅम, करारात आहे ते, कलम चौदा. वैयक्तिक डेटा वेगळा ठेवायची जबाबदारी कंत्राटदाराची असते.” तिचा आवाज थोडा कापत होता. तिला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिव्या मला वऱ्हाडीतच चांगल्या येतात, आणि त्यातली एकही अस्पष्ट नव्हती.

मग मी ओसरीवर गेले. सुखीबाई तशीच बसून होती. बाबा टाइपरायटरपाशी.

“झालं तुमचं रीतसर?” मी म्हणाले. “मिळालं उत्तर. पंधरा मिनिटांत. सगळं पुसून टाकलं त्यांनी. सलीलकडे गेले असते तर हातात असतं आज. तुम्ही आणि तुमचे अर्ज. चौतीस वर्षं दुसऱ्याचं बोललेलं लिहिलं, स्वतः एकदा तरी कोणाला काही बोललात? एका माणसाची शेवटची साक्ष होती ती. तुमच्या ‘महोदय’ने घालवली.”

बापाला असं बोलू नये, मला ठाऊक आहे. आपलेच दात नि आपलेच ओठ. पण मी बोलले, आणि अजून बोलले असते. बाबा उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं रागावले.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं. सोडलं तर माझ्या वह्या. मी रद्दीत टाकलेल्या सगळ्या. प्रत्येकीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात तारखा, पासून आणि पर्यंत.

“शॉर्टहँडची वही रद्दीत जात नाही,” ते म्हणाले. “तू टाकायचीस, मी काढून ठेवायचो. आत काय आहे ते एकदाही वाचलं नाही. कोर्टातला एक शब्द मी कधी घरी आणला नाही, भैरवी. कारण कोर्ट तो शब्द जपून ठेवतं. यांनी तर ठारच मारला. आता लपवून ठेवायचं ते कोणासाठी?”

एकोणीस सप्टेंबरची वही काढली. कॉलचा क्रमांक शोधायला मला दहा मिनिटं लागली, कारण डोळ्यांपुढे अक्षर ठरत नव्हतं. मग सापडलं. सव्वादोन ओळी. वाचता वाचता एक गोष्ट दिसली. ओळखीचे शब्द मी नेहमीप्रमाणे भराभर काढले होते, स्वरांचे ठिपके न देता, कारण ते अंदाजाने लागतात. पण त्या कंसाच्या जागची ओळ पूर्ण होती. एकूण एक ठिपका जागेवर. अर्थ कळत नव्हता म्हणून अंदाज करता येत नव्हता, म्हणून हाताने सगळं जसंच्या तसं उतरवलं होतं. हात बापाचा शिष्य निघाला. डोकं नियम सातचं.

“मावशी,” मी म्हणाले, “मला यातलं समजत नाही. नुसतं वाचते.”

ती पुढे सरकली. मी एकेक आवाज जोडत वाचलं.

“दोई दवा भेळन मारू तो चालच कांई?”

सुखीबाईने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “अजून एकडाव वाच.”

मी वाचलं.

“दोन्ही औषधं एकात करून मारले त चालते काय, असं इचारून राह्यला तो,” ती म्हणाली. “हिंदी आयकली का गडबडून जाय. मंग तांड्याचंच तोंडात ये त्याच्या. असाच बोले.”

आणि फोनवरच्या त्या बाईने ‘हाँ जी’ म्हटलं होतं. काय विचारलं ते न समजता. तीही माझ्यासारखीच कुठल्या तरी गावात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मशीनपुढे बसलेली असणार. तिलाही आकडा गाठायचा असणार. मी तिच्यावर चिडू पाहिलं, पण ते फार वेळ जमलं नाही.

सुखीबाई वहीतल्या त्या रेघांकडे बघत होती. तिने बोट टेकवलं. “हे त्याचं बोलनं हाय?”

“हो.”

“म्हन्जे तुले आयकू आलतं.”

“हो.”

“चांगलं आयकू आलतं. मंग त्या कागदावर तसं काहून नाही लिवलं?”

तिच्या विचारण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. नियम सात, कलम चौदा, दिवसाला साठ, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. मी म्हणाले, “चुकलं मावशी. मी ऐकलं, पण समजून घेतलं नाही.” ती मानेनेच हं म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आजवर म्हणालेली नाही.

गुरुवारी दुपारी समितीपुढे आम्ही तिघं गेलो. कंपनीचा माणूस आधीच आलेला, इस्त्रीचा शर्ट, कंपनीने दिलेला लॅपटॉप. त्याने आधी माझ्याकडेच बोट दाखवलं.

“सर, या मॅडमनी गोपनीयतेचा करार मोडला आहे. कागदी टिपणं ठेवायला सक्त मनाई आहे. आणि ही टिपणं म्हणजे काय, तर नुसत्या रेघोट्या. कोणीही काढेल.”

बाबा उठले. मी त्यांना कचेरीत आवाज चढवताना कधी पाहिलं नव्हतं.

“साहेब, या रेघोट्यांवर या जिल्ह्यातली माणसं जन्मठेपेला गेली आहेत. मी काढलेल्या रेघोट्यांवर. तेव्हा कोणी म्हणालं नाही की कोणीही काढेल. माणसाला तुरुंगात घालायला पुरतात, तर त्याच्यावरचा बट्टा काढायला का पुरत नाहीत? माझ्यावर विश्वास नको, मुलीवर नको. तुमच्याच ऑफिसातल्या स्टेनोला बोलवा.”

अध्यक्ष साहेबांनी जरा विचार केला आणि बेल वाजवली. स्टेनो आली, तिशीची असेल. तिला वही दिली, कोणी काही सांगितलं नाही. ती अडखळत, एकेक अक्षर जुळवत वाचू लागली. “दोई… दवा… भे… भेळन…” मध्येच थांबून म्हणाली, “सर, हे काहीतरी वेगळंच आहे.” सुखीबाई जागेवरून उठली नाही. पुढचे शब्द तिने स्टेनोच्या आधी म्हटले आणि स्टेनोने वहीत बघून मान डोलावली.

“मग अधिकृत नकलेत ‘अस्पष्ट’ कसं?” साहेबांनी विचारलं. “ते कोणी लिहिलं?”

“मी, साहेब,” मी म्हणाले. “प्र-११४ मीच. आवाज स्वच्छ होता. प्रश्न पूर्ण होता. मला ती बोली येत नव्हती, एवढाच दोष, आणि तो त्याच्या माथी मारला गेला. माझी सही घ्या.”

कंपनीचा माणूस फोन करायला बाहेर गेला. अर्थाची चौकशी झाली, तांड्यावरच्या एका शिक्षकाचा जबाब जोडायचं ठरलं. साहेबांनी कारकुनाला टिपण सांगायला सुरुवात केली. मयत रामसिंग याने फवारणीपूर्वी मदत क्रमांकावर पुढील शब्दांत विचारणा केली होती. कारकुनाची बोटं कीबोर्डवर थांबली.

“साहेब, पुढचं मराठी नाही. कंस करून ‘इतर बोली’ टाकू?”

मी तोंड उघडलं. बाबांनीही. पण सुखीबाई आमच्या आधी उभी राहिली आणि टेबलाशी जाऊन कारकुनाच्या शेजारी थांबली.

“कंस नोको,” ती म्हणाली. “मी बोलतो. आयकू येते तसं लिव.”

आणि ती सावकाश बोलू लागली, त्याच्या बोटांच्या वेगाने.